सात किलोंचा संसार

आमच्या लग्नात रुखवतापेक्षा जास्त कौतुक माझ्या पाठपिशवीचं झालं. डोंबिवलीच्या हॉलमध्ये नवरीच्या खोलीत ती खुर्चीवर ठेवलेली होती आणि येणारी प्रत्येक मावशी, आत्या, काकू ती एका हाताने उचलून बघत होती. पाच आठवडे अमेरिका-कॅनडा आणि एवढंच सामान? माझी आई तर सकाळपासून त्यात मेतकुटाची पुडी कोंबायच्या मागे होती. मी तीनदा काढली, तिने चारदा घातली. पिशवीचं वजन सात किलो होतं, नवऱ्याच्या पिशवीचंही सात. विमानात सोबत नेता येतं तेवढंच. त्याने बॅगा उचलून बघायचा एक छोटा हातकाटा विकत घेतला होता आणि लग्नाच्या सकाळी सुद्धा तो खिशात घेऊन फिरत होता.

लोकांना वाटलं, आम्ही फार हौशी. खरं कारण वेगळं होतं, आम्हाला राहायला घर नव्हतं. घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर आमचा फ्लॅट तयार होत होता. पझेशन लग्नाच्या आधी मिळणार होतं, मग लग्नानंतर महिन्याभरात मिळणार असं ठरलं. तोवर सासरी, म्हणजे ठाण्यात कोपरीला, स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर, वन रूम किचनमध्ये राहायचं होतं. सासू, सासरे, नवरा आणि मी. मी नोकरी बदलत होते, मधे मोकळा वेळ होता. नवऱ्याने बिनपगारी रजा मागितली, ती मिळाली. हा महिना कुठेतरी लांब काढू, परत येऊ ते सरळ नव्या घरात, अशी ही माझी योजना. नवरा हो म्हणाला, कारण तेव्हा तो माझ्या सगळ्यालाच हो म्हणायचा.

माझं कोपरीच्या घराशी काही वैर नव्हतं. मी स्वतः डोंबिवली पूर्वेला अशाच घरात वाढले, पाच माणसांत. दहावीचा अभ्यास गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत केला. रडायचं असेल तर बाथरूममध्ये नळ सोडून रडायचं, आणि तेही पाणी यायच्या वेळातच. तेव्हापासून मी मनाशी एकच ठरवलं होतं, की आपल्या खोलीला आपलं दार असेल. बाकी नवरा कसाही चालेल, असं मैत्रिणींना सांगायचे.

साखरपुड्यानंतर मी एकदा कोपरीला जेवायला गेले होते. बाहेरच्या खोलीत सासूबाईंचं शिवणाचं मशीन, त्याच्यावर ब्लाउजपीसचा ढीग, शोकेसमध्ये नवऱ्याची शाळेतली बक्षिसं, भिंतीला टेकवलेला लोखंडी पलंग. स्वयंपाकघरात जेवताना माझी पाठ फ्रीजला लागत होती. सगळे प्रेमाने वाढत होते आणि माझा जीव घुसमटत होता. निघाल्यावर जिन्यातच मी बहिणीला फोन लावला आणि म्हणाले, "अगं, इथे श्वास घ्यायचा तर नंबर लावावा लागेल."

मागून पावलं वाजली. मी डबा विसरले होते, सासूबाई तो द्यायला खाली आल्या होत्या. त्यांनी डबा माझ्या हातात दिला, जिन्यात दिवा नाही, सावकाश उतर म्हणाल्या आणि वर गेल्या. त्यांनी ऐकलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. जिना अरुंद होता आणि माझा आवाज मोठा आहे, हे मला चांगलं माहीत होतं.

लग्नाच्या दिवशी हॉलवरून पाचला निघालो. विमान रात्री दोनचं होतं. सासूबाईंनी सकाळीच कोपरीच्या दारात मापाची तयारी करून ठेवली होती. नवी सून उंबरठ्यावरचं तांदळाचं माप उजव्या पायाने हलकेच लवंडून घरात येते, तेवढं झालं की ती घरची. पाच मिनिटांचं काम. जेवणं झाली तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या आणि जाताना वर येऊन जाल ना, असं विचारलं. मी घड्याळाकडे बघितलं. म्हटलं, "आई, ट्रॅफिक लागलं तर पंचाईत होईल. माप मी नव्या घरीच ओलांडते ना. दोनदा कशाला?"

त्या बरं म्हणाल्या. नवरा माझ्याकडे बघत राहिला. कोपरीच्या पुलापाशी आमची गाडी सिग्नलला थांबली, तेव्हा तो डावीकडे बघत होता आणि मी उजवीकडे. विमानतळावर आम्ही साडेसातला पोचलो. मग खुर्च्यांवर बसून हातावरच्या मेंदीचे पोपडे काढत वेळ घालवला. एवढ्या वेळात कोपरीला माप ओलांडून, चहा पिऊन, झोप काढूनही आलो असतो.

टोरंटोला आम्हाला एका घराच्या तळघरातली खोली मिळाली. प्रचंड पलंग, जाड गालिचा, आणि दाराला आतून कडी. पहिल्या रात्री मी ती कडी तीनदा लावून बघितली. सकाळी उठले तर नवऱ्याने पलंगावरची सगळी पांघरुणं घड्या घालून भिंतीशी रचून ठेवली होती, उशा वर. कोपरीला अंथरुणं उचलल्याशिवाय चहाच ठेवता येत नाही, पाय ठेवायला जागा नसते. तीस वर्षांची सवय. मी हसून हसून बेजार झाले. मग मलाही कळलं की मी आंघोळीला जाताना कपडे, टॉवेल, कंगवा सगळं हातात घेऊन गेले होते आणि आतूनच तयार होऊन बाहेर आले होते. बाहेर तर कुणीच नव्हतं.

तिथून मॉन्ट्रियल. तिथल्या घरांना जिने बाहेरून आहेत, लोखंडी, वळणावळणाचे, रस्त्यावरून थेट वरच्या मजल्याच्या दारापर्यंत. मला ते फार आवडलं. कुणाच्या घरातून न जाता आपल्या घरात जाता येतं. तीन दिवस मी नुसती जिने बघत फिरले. चौथ्या दिवशी मात्र पायांना खाज सुटली. पुढे हे प्रत्येक गावी झालं. पहिला दिवस उत्साहाचा, दुसरा पायपिटीचा, तिसऱ्या दिवशी दुकानदार ओळखायला लागायचा आणि चौथ्या दिवशी मी बॅग भरून दारात उभी. नवरा म्हणायचा, तुझ्या पायाला भिंगरी आहे. तो गमतीने म्हणायचा, म्हणून मीही हसून सोडून द्यायचे. खरं म्हणजे एखादी जागा ओळखीची झाली की मला परतीची आठवण व्हायची.

सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आमच्या संध्याकाळी यायचा, त्यांच्याकडे सकाळ असायची. अर्धा वेळ आम्हाला पंखाच दिसायचा. मग सासरे मागून फोन सरळ करायचे आणि त्या दिसायच्या, मागे शोकेस, बाजूला मशीन. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता, आज कुठलं गाव. न्यूयॉर्कही गाव आणि शिकागोही गाव. त्या ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवायच्या. दुसरा प्रश्न, काय जेवलात. मी उत्तरं द्यायचे, पण नजर त्यांच्या मागच्या खोलीवर फिरायची. चार गाद्या तिथे कशा बसतील याचा हिशेब मी दरवेळी नव्याने करायचे आणि दरवेळी एक गादी दाराबाहेर जायची.

पाचवा आठवडा संपत आला तेव्हा बिल्डरचा मेल आला. काही तांत्रिक कारणांमुळे पझेशन लांबलं होतं. किती, ते लिहिलं नव्हतं. मी मेल वाचला आणि नवऱ्याने तोंड उघडायच्या आत म्हटलं, आणखी दोन शहरं करू. त्याने रजा वाढवून मागितली, मी नव्या नोकरीत रुजू व्हायची तारीख पुढे ढकलली. मेल पुन्हा आला, तोच मजकूर, खाली सही वेगळी. मी आणखी एक शहर वाढवलं. आमची मधुचंद्राची सहल अशी बिल्डरच्या मेलवर लांबत गेली. नातेवाइकांच्या ग्रुपवर आमचे फोटो बघून लोक नशीब काढलं म्हणत होते.

भांडण शिकागोला झालं, तेही कपडे धुण्याच्या दुकानात. प्रत्येकी तीनच जोड घेऊन निघालो होतो आणि त्या दिवशी तिन्ही मशीनमध्ये. आम्ही दोघं अंगावर नुसते रेनकोट घालून, खालून उघड्या पायांनी बाकावर बसलो होतो. बाहेर तळ्यावरून वारा येत होता. त्या तळ्याला पलीकडचा काठ दिसत नाही. दुकानात आमच्याशिवाय एक म्हातारी विणत बसली होती.

नवरा समोर गोल फिरणाऱ्या कपड्यांकडे बघत म्हणाला, "मला घरी जायचंय."

"कुठल्या घरी?"

"मला सध्या एकच घर आहे."

मी म्हटलं, मग जा की. तो म्हणाला, मी एकटा गेलो तर आईला काय सांगू? ती रोज कॅलेंडरवर गावं लिहितेय. तू एकदा सांगून टाक तिला, की तुला तिथे यायचंच नाहीये. मी म्हटलं, मी असं कधी म्हणाले? त्यावर तो म्हणाला, "तू माप ओलांडलं नाहीस. आणखी काय म्हणायचं बाकी राहतं?"

मला राग आला तो त्याचं खरं होतं म्हणून. मी काय काय बोलले ते आता लिहवत नाही. तुझी आई मला घड्याळ लावून बाथरूमला पाठवेल, असंही एक वाक्य होतं. गंमत म्हणजे हे सगळं आम्ही कुजबुजत बोलत होतो. त्या दुकानात कुणाला मराठीचा गंध नव्हता, गळा काढून भांडलो असतो तरी चाललं असतं. पण एका खोलीच्या घरात वाढलेल्या माणसांना मोठ्याने भांडताच येत नाही. त्या म्हातारीला वाटलं असेल, काय गोड जोडपं आहे, एकमेकांच्या कानात बोलतंय. मशीन थांबलं. त्याने कपडे काढले, माझेही घड्या घालून दिले आणि आम्ही निघालो.

न्यू ऑर्लिन्सचं तिकीट आधीच काढलेलं होतं म्हणून तिथे गेलो. उकाडा अगदी ठाण्याच्या मे महिन्यासारखा. लोक ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत होते, आम्ही दोघं आपसांत बोलत नव्हतो. तिथे मी दुसऱ्याच दिवशी बॅग भरली. मेक्सिको सिटीला गेलो. शहर मोठं, देखणं, आणि मला त्यातलं काही आठवत नाही. एका छोट्या चौकात मक्याची कणसं भाजत होते, त्याच्या वासाने नवऱ्याचे डोळे भरून आले, एवढं आठवतं. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. एवढी मी वाईट झाले होते.

तिथेच तो कॉल आला. पंखा दिसला, मग सासूबाई. त्यांच्या मागे नुसती भिंत होती. शोकेस गेल्या आठवड्यापासूनच दिसत नव्हतं, पण मी तेव्हा विचारलं नव्हतं, मला काय त्याचं. आज मशीनही नव्हतं. मशीनच्या जागी फरशीचा एक चौकोन दिसत होता, बाकी फरशीपेक्षा उजळ. नवऱ्याने विचारलं, मशीन कुठे गं? त्या म्हणाल्या, रंग काढायचाय रे, सामान हलवलंय. आज कुठलं गाव?

फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, दोन वर्षांपूर्वी रंग काढला तेव्हा मशीन हललं नव्हतं, वर चादर टाकली होती. त्याच्या आईने त्या मशीनवर त्याची इंजिनियरिंगची फी शिवली होती. अर्ध्या कोपरीचे ब्लाउज त्या मशीनवर झालेत. ते ती रंगासाठी हलवणार नाही. आजारी आहेत का, घर विकताहेत का, काय लपवताहेत, तो एकेक शक्यता बोलत गेला. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तो अंधारा जिना आला आणि हातात दिलेला डबा. आपल्यामुळे काहीतरी झालंय एवढं मला नक्की कळलं. मी म्हटलं, तिकिटं काढ. त्याने विचारलं, कुठली? मी म्हटलं, कोपरीची.

घर सोडून अकरा आठवडे झाले होते. येतोय हे फोनवर कळवलं होतं, विमानतळावरून सकाळी टॅक्सीने निघालो. पुलापाशी तोच सिग्नल लागला. या वेळी कोपरी उजवीकडे होती आणि मीही तिकडेच बघत होते. जिन्यात अजूनही दिवा नव्हता, सावकाश चढलो.

दार उघडं होतं. उंबरठ्यावर माप होतं, काठोकाठ तांदूळ, वर हळदकुंकवाची बोटं. आणि मापाच्या मागे, दाराच्या आत, दोन बॅगा उभ्या होत्या. लहान, जुन्या, चेन तुटलेल्या जागी नाडी बांधलेल्या. सासूबाई बाहेर जायची साडी नेसून उभ्या होत्या. सासऱ्यांनी पायात बूट चढवले होते.

नवऱ्याने विचारलं, कुठे निघालात? सासरे बुटांकडे बघत म्हणाले, ताईकडे, डोंबिवलीला. तुमचं पझेशन होईपर्यंत. ताई म्हणजे माझी नणंद. तिचं घर आम्ही पाहिलेलं होतं, दोन मुलं, एक बेडरूम, हॉलमध्ये दिवाण. जो माणूस लेकीच्या घरी पाणी पितानाही अवघडतो तो तिच्या दिवाणावर किती महिने काढणार होता, कोण जाणे. मशीन आधीच पोचवलं होतं. शोकेसही.

नवऱ्याने काही न सुचून, सवयीने, आईची बॅग हातात उचलली. अकरा आठवडे तो दर चौथ्या दिवशी बॅगा उचलून अंदाज करत आला होता. त्याचा चेहरा बदलला.

"पाच किलोपण नाहीये," तो म्हणाला.

आम्हाला केवढा तोरा होता, आम्ही सात किलोंत जग फिरतो म्हणून. तीन पॅन्टी कमी केल्या म्हणून मी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. आणि ही बाई सगळा जन्म एका घरात काढून, त्या घरातून पाच किलो घेऊन निघाली होती. कारण मला श्वास घ्यायला जागा व्हावी.

"तू ये आत," सासूबाई मला म्हणाल्या. "आता मोकळं आहे. नंबर लावायला नको."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं, मी फणकारले असते. त्यांनी ते इतक्या साधेपणाने म्हटलं, जसं कुणी पथ्याचं जेवण वेगळं काढून ठेवावं. मला तिथेच जिन्यात रडू फुटलं, नळबिळ न सोडता, शेजारची दारं उघडी असताना.

मग मी म्हटलं, "आई, आधी तुमच्या बॅगा आत ठेवा. त्याशिवाय मी माप ओलांडणार नाही."

सासरे सासूबाईंकडे बघायला लागले. सासूबाई माझ्याकडे. कुणी हलेना. शेवटी सासरे खाली वाकले आणि त्यांनी बुटाची नाडी सोडली. नवऱ्याने दोन्ही बॅगा उचलून आतल्या भिंतीशी ठेवल्या, त्याच्या अंथरुणाच्या जागी. मी चपला काढल्या आणि मापाला पाय लावला. हलकेच लावायचा असतो, माझा जरा जोरात लागला. घर एवढंसं, तांदूळ थेट ओट्यापर्यंत गेले.

ते गोळा करायला मी आणि सासूबाई खाली बसलो. प्रवासातलेच कपडे, गुडघ्याला गुडघा लागत होता. मी मान वर न करता म्हटलं, मी तेव्हा जिन्यात जे बोलले ते तुम्ही ऐकलंत ना? त्या तांदूळ सुपात टाकत होत्या.

"खरंच होतं ते," त्या म्हणाल्या. "मी आले ना या घरात, तेव्हा सात माणसं होती. मलाही पहिल्या दिवशी अगदी तस्संच वाटलेलं. फक्त मला फोन करायला कुणी नव्हतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. भिंतीवर कॅलेंडर तेवढं राहिलं होतं. चौकोनाचौकोनात त्यांच्या अक्षरात गावं लिहिलेली होती, आमची सगळी, क्रमाने. कॅलेंडर दरवर्षी तिथेच लागतं, त्या मशीनवर बसल्या की समोर दिसतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि सासरे टेम्पो घेऊन डोंबिवलीहून मशीन परत आणायला गेलो. ते त्याच्या उजळ चौकोनात बसवल्यावर आमच्या गादीची जागा गेली. आम्ही आता स्वयंपाकघरात झोपतो, नवऱ्याचे पाय फ्रीजला लागतात. पझेशन अजून झालेलं नाही. मला अजूनही चौथ्या दिवशी पायांना खाज सुटते. तेव्हा मी उठते, चप्पल घालते आणि सासूबाईंना विचारते, येता का. त्या हातातला ब्लाउज तसाच सुईखाली ठेवून येतात. खाडीपर्यंत जातो, कधी ठाण्यातल्या तलावाच्या काठी, तलावपाळीपर्यंत, आणि मग त्या मला विचारतात की शिकागो गावातलं ते तळं याच्यापेक्षा किती मोठं होतं.